दोन माग की तीन? : मुंबईच्या गिरण्या, यंत्र आणि माणसांची संख्या

‘रोबो आपल्या नोकऱ्या घेणार का’ या प्रश्नावर बोला, असं मला संयोजकांनी सांगितलं. मी इतिहासाचा विद्यार्थी. पुढच्या वीस वर्षांत काय होणार हे सांगणारे लोक वेगळे असतात, आणि त्यांचं मानधनही वेगळं असतं. (हशा) मला मागचं थोडंफार ठाऊक आहे. तेव्हा मी तुम्हाला १९२८ सालच्या मुंबईत नेतो, लालबाग-परळला. तिथे जवळजवळ दीड लाख माणसं सहा महिने काम सोडून बसली होती. त्या संपाची कारणं अनेक होती, पण मुळाशी एक साधा प्रश्न होता. एका माणसाने किती माग चालवायचे, दोन की तीन?

आज आपण ‘ऑटोमेशन’ म्हणतो. त्या वेळी शब्द होता ‘रॅशनलायझेशन’. मालक त्याला ‘एफिशियन्सी’ म्हणत. कामगार मात्र सरळ ‘तीन माग’ म्हणत आणि सगळ्यांना कळत असे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. यंत्रं लँकेशायरची, कोळसा बाहेरचा, सुरुवातीचे तंत्रज्ञही बरेचसे इंग्रज. माणसं मात्र रत्नागिरीची, साताऱ्याची, पुढे घाटावरची आणि उत्तरेकडचीही. यंत्राने काम बदलतं हे या माणसांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. आपल्याला वाटेल, उजेड आला, बरं झालं. पण तोवर सूर्य मावळला की काम थांबायचं. दिवे आल्यावर दिवस लांबला, चौदा-चौदा तास चालू लागला. १९०५ मध्ये त्यावरून गिरणगावात दंगे झाले. प्रौढ पुरुषांचा कामाचा दिवस बारा तासांवर आणायला १९११ चा कायदा यावा लागला. दिव्याने कोणाची नोकरी घेतली नाही, पण रात्र घेतली. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण यंत्राबद्दल बोलताना आपण नेहमी नोकऱ्या मोजतो आणि तास मोजायचे विसरतो.

आता १९२८ कडे येऊ. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर काही वर्षं गिरण्यांना भरपूर नफा झाला. मग उतार लागला. चीनला जाणारं सूत कमी होत होत संपल्यात जमा झालं आणि जपानचं कापड खुद्द मुंबईच्या बाजारात येऊ लागलं. मालकांनी पहिला उपाय केला तो नेहमीचा, पगारात साडेअकरा टक्के कपात. १९२५ मध्ये त्यावर मोठा संप झाला. शेवटी सरकारने कापडावरचा अबकारी कर उठवला तेव्हा कपात मागे घेतली गेली. पगार उघडपणे कापणं जमत नाही हे कळल्यावर मालकांनी दुसरी वाट धरली. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाचा अहवाल आला, त्यातही कार्यक्षमता वाढवा असा सूर होता. मुंबईतला गिरण्यांचा सर्वांत मोठा समूह ई. डी. ससून कंपनीचा. त्यांच्या गिरण्यांत नवी पद्धत सुरू झाली. साळखात्यात दोनऐवजी तीन माग, आणि साचाखात्यात माणसाने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू बघायच्या.

इथे थोडं थांबून साधा माग कसा चालतो ते बघू, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. उभे धागे ताणलेले असतात. धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो. धोट्यात सुताची कांडी असते, ती काही मिनिटांत संपते. मग माग थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली घालायची, धागा धोट्याच्या भोकातून बाहेर ओढायचा आणि माग परत सुरू करायचा. मध्ये उभा धागा तुटला तर तो शोधून सांधायचा. नाही सांधला तर कापडात दोष राहतो आणि दंड बसतो. म्हणजे मागवाल्याचं काम माग ‘चालवणं’ नसतंच, माग चालतो विजेवर. त्याचं काम थांबलेला माग लवकरात लवकर सुरू करणं. तेव्हा एका माणसाने किती माग बघायचे हे एका गोष्टीवर अवलंबून: धागा किती वेळा तुटतो?

मालक सांगत की लँकेशायरमध्ये विणकर चार माग बघतो, जपानमध्ये पाच-सहा, तुम्हाला तीन का जमत नाहीत? कामगार सांगत की तिकडचा कापूस लांब धाग्याचा असतो, इथे आखूड धाग्याचा भेसळ कापूस घालता आणि सूत पावलापावलावर तुटतं. चांगलं सूत द्या, मग बोलू. या वादात कोण खरं? अर्थशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ग्रेगरी क्लार्क नावाच्या अभ्यासकाने १९८७ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. जगभर कापडगिरण्यांची यंत्रं जवळपास सारखीच होती, पण अमेरिकेतला कामगार मुंबईतल्या कामगाराच्या कितीतरी पट यंत्रं सांभाळत होता. त्यामुळे गरीब देश गरीब राहण्याचं कारण यंत्रात नाही, माणसांच्या कामात आहे, असा त्याचा रोख. लेख हुशारीने लिहिलेला आहे. पण मला तो वाचताना नेहमी वाटतं की क्लार्कसाहेबांनी एक दिवस ऑगस्टमध्ये परळच्या साळखात्यात उभं राहायला हवं होतं. (हशा) मजुरी इतकी स्वस्त असताना मालकाला चांगला कापूस घेण्यापेक्षा जास्त माणसं लावणं परवडत होतं. कमी माग बघणं हा कामगाराचा आळस असेल तर स्वस्त कापूस घेणं हा मालकाचा हिशोब होता, आणि दोन्ही एकमेकांना धरून होते.

आता फळ्यावर एक हिशोब मांडतो. हे आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. समजा एका खात्यात सहाशे माग आहेत. प्रत्येकाला दोन माग, म्हणजे तीनशे माणसं. प्रत्येकाला शंभर रुपये मिळतात असं धरा. मजुरी झाली तीस हजार. आता तीन माग केले. माणसं लागतील दोनशे. मालक म्हणतो, मी उदार आहे, प्रत्येकाला शंभराचे एकशे पस्तीस देतो. मजुरी झाली सत्तावीस हजार. राहिलेल्या माणसाचा पगार पस्तीस टक्के वाढला, हे खरं. एका मागामागे मिळणारी मजुरी पन्नासाची पंचेचाळीस झाली, हेही खरं. काम दीडपट झालं. शंभर माणसं घरी गेली. मालकाचे तीन हजार वाचले. आता सांगा, पगार वाढला की कमी झाला? ज्याच्या त्याच्या जागेवरून प्रत्येकाचं उत्तर बरोबर आहे. आज कंपन्या ‘उत्पादकता वाढली आणि वेतनही वाढलं’ असं सांगतात तेव्हा मला हा फळा आठवतो. त्या शंभर माणसांचा रकाना त्यात नसतो.

एप्रिल १९२८ मध्ये संप पसरला आणि बहुतेक सगळ्या गिरण्या बंद पडल्या. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. श्रीपाद अमृत डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर ही पुढारी मंडळी आपल्याला ठाऊक असतात. पण अर्जुन आळवे आणि कासले हे स्वतः गिरणीत काम केलेले होते, आणि कामाचा बोजा म्हणजे काय हे सभेत सांगायला तेच लागत. दुसरीकडे ना. म. जोशी यांची जुनी, मवाळ युनियन. या दोघांचं एरवी पटत नसे, पण या संपात ते एका समितीत बसले. १७ मागण्या ठरल्या. त्यांत पैशाच्या मागण्या होत्याच, पण कामाच्या अटींवर, कामाचा बोजा परस्पर वाढवण्यावर तितकाच जोर होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संप मिटला आणि प्रश्न फॉसेट समितीकडे गेला.

न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीचा अहवाल मार्च १९२९ मध्ये आला. कार्यक्षमतेची योजना तत्त्वतः रास्त आहे असं समितीने म्हटलं. आणि त्याच महिन्यात, २० मार्चला, मीरत खटल्यासाठी धरपकड झाली आणि युनियनचे बहुतेक पुढारी तुरुंगात गेले. अहवालावर बोलणी करायला एका बाजूला माणूसच उरला नाही. त्या वर्षी पुन्हा सार्वत्रिक संप झाला, तो फसला.

इथवरची गोष्ट मालक विरुद्ध कामगार अशी सांगता येते. पण ती तशीच सांगितली तर दोन माणसं गोष्टीतून गळतात.

पहिला माणूस साळखात्याच्या दाराबाहेर उभा आहे. मघाशी मी म्हटलं, कांडी बदलल्यावर धागा धोट्याच्या भोकातून ओढायचा. कसा ओढायचा? तोंड लावून, श्वासाने. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं. म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना साळखात्यात येऊ देत नसत. आणि गिरणीत चांगला पगार होता तो साळखात्यातच. महार समाजातल्या कामगाराला साचाखात्यात, कमी पगारावर राहावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढे आणला. ज्या खात्यात आमच्या माणसाला पाऊल ठेवता येत नाही, त्या खात्यातल्या पगारासाठी त्याने सहा महिने उपाशी का राहायचं? संपाच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटला, आणि अडचणीचा होताच. आता यंत्राच्या बाजूने बघा. तोंड न लावता धागा ओवता येईल असा धोटा त्या काळात निघालेला होता. म्हणजे तंत्रज्ञानात उत्तर होतं. पण गिरणीत कोणतं यंत्र आणायचं हे ठरवताना कोणाची गैरसोय मोजली जाते? साळखात्याचं दार उघडायचं म्हणून कोणी धोटे बदलायला निघालं नाही.

दुसरी व्यक्ती बाई आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. दोन खात्यांत त्या जास्त. एक कांड्या भरण्याचं आणि दुसरं सुताच्या लडी काढण्याचं. त्यांच्यावर मुकादम बाईच असे, तिला नायकीण म्हणत. कित्येक जणी विधवा किंवा एकट्या, घर चालवणाऱ्या. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ही संख्या उतरत उतरत शंभरात मूठभर इतकी खाली आली. त्यासाठी एकही मोठा संप झाला नाही. ‘बायकांच्या नोकऱ्या गेल्या’ अशी तारीखही इतिहासात नाही.

कशा गेल्या? चीनला सूत जाणं बंद झालं तशा लडी काढण्याचं काम घटलं. कांड्या भरायला वेगवान यंत्रं आली, तिथे दहा जणींच्या जागी थोड्याच लागू लागल्या. गिरण्या दोन पाळ्यांत, मग तीन पाळ्यांत चालू लागल्या आणि कायद्याने बायकांना रात्री काम करता येत नव्हतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती भत्त्याचा कायदा झाला. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला पाठिंबा दिला होता. भत्ता मालकाने द्यायचा, त्यामुळे काही मालकांना बाई महाग वाटू लागली. आता यावर एक लाडकं विधान केलं जातं की बघा, संरक्षणाच्या कायद्यांनीच बायकांचं नुकसान केलं. मला ते पटत नाही. बाळंतपणाचा खर्च बाईने एकटीने सोसायचा की गिरणीने थोडा उचलायचा, एवढाच प्रश्न होता. नवं यंत्र आलं तेव्हा त्यावर कोणाला शिकवायचं याचा निर्णय होत होता, आणि दर वेळी तो पुरुषाच्या बाजूने गेला. युनियनही यात फार दुखावल्या गेल्या नाहीत. घर चालवणारा तो पुरुष, बाईचा पगार वरखर्चाचा, ही समजूत मालक आणि पुढारी दोघांची सारखीच होती. बायका मग खाणावळी चालवू लागल्या, भाजी विकू लागल्या, घरकामाला गेल्या. त्यांना बेकार म्हणून कोणी मोजलं नाही.

बदली कामगाराचंही असंच. तो रोज सकाळी भोंग्याआधी फाटकाशी येऊन उभा राहायचा. आज कोणाचा खाडा आहे, जॉबरची मर्जी आहे का, यावर त्याचा दिवस. तीन माग झाले तेव्हा कायम कामगाराला एकदम काढायची गरजच पडली नाही. आधी बदलीचे दिवस कमी झाले.

आता जरा जगाकडे बघू. खऱ्या अर्थाने स्वयंचलित माग तेव्हा तयार झालेला होता. अमेरिकेत नॉर्थ्रॉप माग १८९०च्या दशकातच बाजारात आला. कांडी संपली की तो स्वतः बदलतो, उभा धागा तुटला की आपोआप थांबतो. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये आपला स्वयंचलित माग पुरा केला. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. त्याच घराण्याने पुढे मोटारी काढल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. असे वीस-वीस माग एक माणूस बघू शकत होता. मुंबईत मात्र १९२८ चं सगळं भांडण जुन्याच मागांवर झालं. यंत्र नवीन नव्हतं, फक्त बोजा नवीन होता. ‘ऑटोमेशन’ या नावाखाली कामाच्या ठिकाणी जे घडतं त्यात नवं यंत्र किती आणि जुन्याच यंत्रावर वाढवलेलं काम किती, हे वेगवेगळं काढून बघायची सवय मला या संपाने लावली.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५५ मध्ये कानपूरला रॅशनलायझेशनविरुद्ध ऐंशी दिवसांचा संप झाला. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून काही तत्त्वं मान्य केली: यंत्र आणा, पण असलेल्या माणसाला काढू नका, त्याचा पगार कमी करू नका आणि फायद्याचा वाटा त्याला द्या. कागदावर हे फार चांगलं होतं. गिरण्यांच्या आत काही प्रमाणात ते पाळलंही गेलं.

पण गिरणीच्या बाहेर? १९५६ मध्ये सरकारने गिरण्यांतल्या मागांच्या संख्येवर मर्यादा घातली. हातमाग वाचावा हा हेतू. हातमाग काही वाचला नाही. वाढला तो यंत्रमाग. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्येच पहिला यंत्रमाग बसवला होता. मालेगाव, भिवंडी इथेही तो पसरलेला होता. आता तो झपाट्याने वाढला. गिरण्यांनी भंगारात काढलेले जुने माग भिवंडीच्या शेडमध्ये जाऊन बसले. हळूहळू मुंबईच्या गिरण्या तिथून कापड विणून आणू लागल्या आणि त्यावर आपला छाप मारून विकू लागल्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार बाहेर पडले, तो संप कधी अधिकृतपणे मागेच घेतला गेला नाही. त्यात ते हरण्याचं एक मोठं कारण असं की कापड थांबलं नाही. ते भिवंडीत विणलं जात होतं.

आणि भिवंडीत एक माणूस किती माग बघतो? चार. सहा. कृत्रिम धागा असेल, जो कमी तुटतो, तर आठही. साधेच माग, त्याच घराण्यातले. बारा तासांची पाळी. माणसं उत्तर प्रदेशची, बिहारची, तेलंगणातली; कित्येक जण शेडच्या आसपासच दाटीवाटीने राहणारी. १९२८ मध्ये दोनाचे तीन करण्यावरून मुंबई सहा महिने बंद होती. तिथून पन्नास किलोमीटरच्या आत तीनाचे सहा झाले, आणि त्याची कोणी समिती नेमली नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराची नोकरी नव्या यंत्राने घेतली असं आपण सहज बोलून जातो. तिचा मोठा भाग जुन्या यंत्राने घेतला, दुसऱ्या गावात, दुसऱ्या कायद्याखाली. बाकीचा घास जमिनीच्या भावाने घेतला, पण तो विषय मोठा आहे, आज नको.

आता संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा रोबोकडे येतो. (हशा) आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात साडेआठ हजारांच्या आसपास औद्योगिक रोबो बसले, आणि त्यांतला मोठा वाटा मोटार उद्योगात. म्हणजे आपल्या चाकण पट्ट्यातसुद्धा. वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून, रंगाच्या वाफेपासून माणूस दूर झाला तर त्याला मी विरोध करणार नाही. साळखात्यात तोंडाने धागा ओढून आणि कापसाची धूळ छातीत भरून जगलेल्या माणसांचा इतिहास वाचणारा कोणीही करणार नाही.

मला विचारायचं आहे ते १९२८ चंच. रोबोशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा वेग कोण ठरवतं? वाचलेले पैसे कोणाकडे गेले? आणि सांगितलं कधी, आधी की नंतर? या शेवटच्या प्रश्नाला आपल्या कायद्यात उत्तर आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ मध्ये ‘९ क’ म्हणून जे कलम घातलं, त्यानुसार ज्या सुधारणेमुळे कपात होण्याची शक्यता आहे ती करण्याआधी मालकाने कामगारांना २१ दिवसांची सूचना द्यायची. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही २१ दिवसांची तरतूद ठेवलेली आहे. १९२८ च्या त्या सहा महिन्यांचं आणि नंतरच्या कितीतरी संपांचं हे पुढचं रूप आहे असं मी मानतो.

फक्त ही सूचना मालकाने द्यायची ती त्याच्या स्वतःच्या कामगाराला. चाकणच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदारामार्फत आलेला मुलगा, किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेला मुलगा, कारखान्याच्या पटावर नसतो. रोबोची तार जोडली जाते त्या दिवशी त्याचा ठेका पुढे वाढत नाही, इतकंच. तो गेला असं कुठे नोंदलंही जात नाही, कारण तो आला असंही नीट नोंदलेलं नसतं. या मुलांबद्दल तुमच्यापैकी कोणाला जवळून माहिती असेल, कोणी चाकण-रांजणगावला काम करत असेल, तर मला ऐकायचं आहे. आता प्रश्न घेऊ.